कच्चं तेल

शिवलीला टिपणीसवर मांजर ओरडलं ते भर क्लब हाऊसमध्ये, मासिक तपासणीच्या रविवारी, निम्मी सोसायटी रांगेत उभी असताना. मांजर सोसायटीत आणण्याचा ठराव शिवलीलानंच मांडला होता, त्यामुळे रांगेतल्या कुणालाही वाईट वाटण्याची घाई नव्हती.

मांजर म्हणजे साबणाच्या वडीएवढं एक पांढरं यंत्र. त्याच्या फटीत बोट घालायचं. आत हिरवा उजेड पडतो आणि मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घेईपर्यंत निकाल लागतो. रक्तात मासा नसेल तर यंत्र गप्प बसतं. असेल तर नाकातल्या नाकात बारीक ‘म्यांव’ करतं. बनवणाऱ्यांनी त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण मासळी बाजारातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं आणि मग ते नाव दिल्लीपर्यंत गेलं.

“पुन्हा घालते,” शिवलीला म्हणाली. “हात ओला होता.”

तिनं पदराला हात पुसला. म्यांव.

“दुसरं बोट घालून बघा ना वहिनी,” अध्यक्ष डेगवेकर म्हणाले. डेगवेकर बँकेतून निवृत्त झाले होते आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली की ते अजूनही दुसऱ्या काउंटरवर पाठवत.

“बोट बदलून काय होणार?” रांगेतून उत्तराताई बेंद्रे म्हणाल्या. “रक्त तेच असतं.”

मागच्या वर्षी मांजर उत्तराताईंवर ओरडलं होतं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या माशाच्या तेलाच्या गोळ्या त्या घेत होत्या. ‘गोळी गिळणं हेसुद्धा खाणंच’ असा निर्णय सेक्रेटरी या नात्यानं शिवलीलानं दिला होता. तेव्हापासून गोळ्या बंद होत्या, उत्तराताईंचे गुडघे दुखत होते आणि स्मरणशक्ती उत्तम होती.

शिवलीलाच्या मागे तिचा नवरा मंदार उभा होता. त्यानं बोट घातलं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण सगळे त्याच्या बायकोकडे पाहत होते. हिरवा उजेड पडला. मांजर गप्प.

“घ्या!” डेगवेकर हळहळले. “जन्म माशांच्या धंद्यात गेला, आणि माणूस बघा कसा स्वच्छ!”

‘सात्त्विक आंगण’ ही पुण्याच्या सूस रस्त्यावरची सोसायटी. इथे फ्लॅट घेताना शाकाहाराचं कलम सहीनिशी मान्य करावं लागतं. एकदा म्यांव झालं की नोटीस, त्यावर सर्वसाधारण सभा, आणि सभेनं ठरवलं तर सोसायटी सांगेल त्या भावात फ्लॅट विकून बाहेर. हे कलमही शिवलीलानंच लिहिलेलं. लिहिताना तिनं मंदारला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि मंदारनं एक स्वल्पविराम सुचवला होता.

*

मंदार टिपणीस मत्स्यखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत संशोधन विभागाचा प्रमुख होता. मांजराच्या जन्माला जी माणसं कारणीभूत होती, त्यांत तो एक.

गोष्ट साध्या पेचापासून सुरू झाली. तळ्यातला मासा वाढवायला समुद्रातला मासा लागायचा. बोटी भरभरून तारली आणायची, तिचं तेल काढायचं आणि ते खाद्यात घालून तळ्यातल्या जिताड्याला भरवायचं. म्हणजे समुद्र वाचावा म्हणून तळी खणायची आणि तळी चालावीत म्हणून समुद्र उपसायचा. पुढे तारली संपत आली, तेल परवडेना, आणि कंपन्यांना एकाएकी निसर्गाविषयी प्रेम वाटू लागलं. माशाच्या तेलाऐवजी सोयाबीन, सूर्यफूल, करडई अशी तेलं खाद्यात घालून पाहिली. मासे जगले, बऱ्यापैकी वाढलेही.

पण माशाची चरबी ही त्यानं खाल्लेल्या तेलाची नक्कल असते. मासे खा असं डॉक्टर ज्यासाठी सांगतात ते ओमेगा-थ्री, त्यातही डीएचए नावाचं लांबलचक स्निग्धाम्ल, मासा स्वतः जवळजवळ बनवतच नाही. ते समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ बनवतं. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना तारली खाते, तारलीला जिताडा. मासा हा नुसता हमाल. झाडांच्या तेलात डीएचए नसतं. जवसात त्याचा एक आखूड भाऊ असतो, पण त्याला ताणून लांब करायची कला जिताड्याला येत नाही, माणसालाही बेताचीच येते. त्यामुळे करडईवर पोसलेला जिताडा बाहेरून जिताडा आणि आतून करडई.

मग मंदारच्या विभागानं शेवाळातली जनुकं उचलून करडईच्या बियाण्यात घातली, आणि बार्शीच्या रानातलं काटेरी झुडूप माशाचं तेल गाळू लागलं. हे तेल महाग होतं. गिऱ्हाइकाला दाखवलेल्या माशानं महागाचं तेल खाल्लंय की स्वस्तातलं, हे कापल्याशिवाय कळावं म्हणून उजेडानं चरबी वाचणारं यंत्र तयार झालं. आपल्या रक्तातल्या लाल पेशींची सालंसुद्धा गेल्या तीन-चार महिन्यांत खाल्लेल्या तेलांचीच असतात, हे कुणातरी हुशार माणसाच्या लक्षात आलं आणि त्यानं यंत्राला बोटाच्या मापाची फट पाडली. पहिल्यांदा ते हृदयाच्या डॉक्टरांनी घेतलं. मग वधूवर सूचक मंडळांनी. जुळत आलेलं लग्न मोडलं की ‘मांजर आडवं गेलं’ असं लोक म्हणू लागले, आणि यावेळी ते खरोखरच गेलेलं असे.

तर मांजर मासा ओळखत नव्हतंच. ते समुद्रातलं शेवाळ ओळखत होतं. हे मंदारला पक्कं माहीत होतं, कारण त्यावरच त्याचे बुधवार चालले होते.

दर बुधवारी तो पेणला कंपनीच्या तळ्यांवर जाई. एका तळ्यात नव्या तेलावरचे जिताडे, शेजारच्या तळ्यात तुलनेसाठी साध्या करडईवरचे. वजनमापं झाली की हे दुसरे जिताडे विकायचे नाहीत, खड्ड्यात पुरायचे, असा नियम. ज्या रायगडात अडलेलं काम सुटावं म्हणून साहेबाच्या घरी जिताडा पोचवतात, त्या रायगडात जिताडा पुरणं मंदारला पाप वाटे. तो खाई. त्यातलं उरलंसुरलं डीएचए मांजराच्या कानापर्यंत पोचण्याइतकं नसतं, हेही त्यानं आधीच तपासून घेतलं होतं. शास्त्रज्ञ माणूस.

लग्नाच्या वेळी त्यानं बार्शीच्या सासऱ्यांना शब्द दिला होता: मासा सोडला. मुलगी लिंगायताची, मुलगा सीकेपी. सीकेपी मुलानं मासा सोडला हे ऐकून सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मंदारच्या आईच्याही आलं, पण ते वेगळ्या कारणानं. त्या शब्दात ‘घरात’ असं काही नव्हतं. ते पुढे मंदारनं आपल्या सोयीनं घातलं.

*

तपासणीच्या दिवशी दुपारी शिवलीला जेवली नाही. मंदार जेवला आणि जेवताना तिच्याकडे पाहत राहिला.

“काय बघतोस?”

“काही नाही. तू बाहेर कुठे काही खाल्लंस का?”

“म्हणजे?”

“चुकून. भिशीत वगैरे. हल्ली बायका काय काय मागवतात.”

“भिशीत आम्ही साबुदाणा वडे मागवतो. तुझा माझ्यावर संशय आहे?”

“मी फक्त शक्यता तपासतोय.”

“मी काय तळं आहे?”

मंदारला संशय होताच, आणि तो शास्त्रानं बळकट केलेला असल्यामुळे फार वाईट होता. यंत्र चुकत नाही, हे त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक. तिच्या रक्तात समुद्र होता. तो तिथे चालत आला नव्हता. ती आंघोळीला गेली तेव्हा त्यानं तिच्या पर्सचा वास घेतला. पर्सला वेलदोड्याचा वास होता. वेलदोडा माणूस कशासाठी खातो? तोंडाचा वास जावा म्हणून. त्याच्या डोळ्यांसमोर एक मालवणी खाणावळ उभी राहिली, कोपऱ्यातलं टेबल, समोर एक अनोळखी पुरुष आणि शिवलीला सोलकढी पितेय. त्याला पुरुषापेक्षा सोलकढी जास्त लागली. आपण चोरून खातो याचं त्याला काही नव्हतं. पण तीही खाते, आणि नवऱ्याला सांगत नाही, म्हणजे या संसारात विश्वास म्हणून काही उरलाच नाही!

बुधवारी तळ्यावरच्या स्वयंपाकीणबाई मथुराताई म्हात्रे यांनी ताट वाढलं तेव्हा तो गप्प होता.

“काय सायेब, आज बोलत नाय?”

“मथुराताई, एखादी बाई चोरून मासे खाते हे कसं ओळखायचं?”

“चोरून कशाला खाईल? मासं काय चोरीचं हाय?” मथुराताईंनी कालवणातलं डोकं त्याच्या ताटात घातलं. “आनि तुमचं ह्यं खाऊन तं कुनाला कलनार बी नाय. यो जिताडा नाय सायेब, यो पडवल हाय. त्या दुसऱ्या तल्यातला द्या की एखादा.”

“तो विकायचा असतो.”

“बगा. चव इकायची नि पडवल खायाचा.”

शनिवारी शिवलीला ‘लक्ष्मी रोडला ब्लाउजपीस आणायला’ म्हणून निघाली. मंदार हेल्मेट घालून स्कूटरवर तिच्या रिक्षाच्या मागे निघाला. रिक्षा लक्ष्मी रोडला गेली नाही. ती औंधात एका इमारतीपाशी थांबली. शिवलीलानं डावीउजवीकडे पाहिलं आणि आत गेली. मंदार स्कूटर लावून एका सोनमोहराच्या झाडामागे उभा राहिला. मालवणी खाणावळीची पाटी त्यानं खालपासून वरपर्यंत शोधली. दुसऱ्या मजल्यावर रक्त तपासायची लॅब होती, बाकी सगळे वकील.

बऱ्याच वेळानं ती खाली आली आणि थेट झाडापाशी येऊन म्हणाली, “हेल्मेट घालून झाडामागे उभं राहिलं की ओळखू येत नाही, असं तुला कुणी सांगितलं? चल, रिक्षाचे पैसे तरी वाचतील.”

स्कूटरवर ती मागे बसली होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

“मशीनवर विश्वास नव्हता म्हणून खरं रक्त दिलं. लॅबमधली मुलगी म्हणाली, मॅडम, तुमचं हृदय शंभर वर्षं चालणार. रोज बांगडा का?”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी रडले.” सिग्नल लागला. शेजारच्या गाडीतली माणसं पाहू लागली, तरी ती थांबली नाही. “मंदार, एक विचारू? खरं सांग. तू माझ्या जेवणात काही घालतोस का?”

“मी?”

“घरात माशाच्या तेलातलं कळणारा दुसरा कोण आहे? माशांवर प्रयोग करून कंटाळला असशील.”

“शिवलीला, अगं काय बोलतेस!”

“मी आयुष्यात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. माझ्या अंगात हे कुठून आलं? मी तुझ्याबरोबर जेवते, तुझ्याबरोबर राहते. दुसऱ्या कुणावर संशय घेऊ?”

मंदारला मनापासून वाईट वाटलं. ज्याचा दोष आपल्याकडे नाही अशा गोष्टीबद्दल त्याच्यावर कित्येक वर्षांत कुणी आरोप केला नव्हता.

*

रविवारी तिनं ज्वारीच्या भाकरी केल्या. नेहमीप्रमाणे मंदारसमोर भाजी, वरण. स्वतःच्या ताटात तिनं कारळाची चटणी घेतली, बोटानं तिच्या मधोमध खळगं केलं आणि बुधलीतून त्यात करडईचं कच्चं तेल ओतलं. बार्शीकडची ही रीत. पिठल्यावर कच्चं तेल, ठेच्यावर कच्चं तेल, काहीच नसेल तर नुसत्या चटणीवर. मंदारला ते पाहूनच कसंतरी व्हायचं. तेल म्हटलं की त्याला आधी कढई दिसली पाहिजे. त्यामुळे घरात फोडणीचं शेंगदाणा तेल दोघांचं आणि करडईची बुधली एकट्या शिवलीलाची, अशी वाटणी पहिल्यापासून होती.

ती दोन घास जेवली आणि सवयीनं म्हणाली, “यंदाचं तेल मात्र फार चवदार आलंय. अण्णानं काय केलंय कुणास ठाऊक.”

मंदारचा हात वरणात थांबला.

“यंदाचं म्हणजे?”

“होळीनंतर पाठवलेलं. असं तेल कधी लागलं नव्हतं. काहीतरी वेगळीच चव आहे. कशाची ते सांगता येत नाही.”

सांगता येणारच नव्हती. जिनं मासा कधी जिभेवर ठेवला नाही, ती त्या चवीला नाव काय देणार?

मंदारनं बुधली उघडून नाकाला लावली. मग जेवण टाकून गॅलरीत गेला आणि बार्शीला फोन लावला. तिचे थोरले भाऊ बसवराज, म्हणजे बसूअण्णा, घरचे सधन शेतकरी. कंपनीची नवी करडई करारावर लावायला मंदारनंच त्यांना राजी केलं होतं.

“काय दाजी! आज कशी काय आठवण?”

“अण्णा, शिवलीलाला पाठवलंत ते तेल कुठल्या करडईचं?”

“का? खराब निघालं का काय?”

“नाही. फार चांगलं आहे. म्हणून विचारतोय.”

“चांगलं असणारच की. तुमच्याच बियाणाचं हाय.”

मंदारनं कठडा धरला.

“कंपनीला सगळं घातलं बघा मोजून,” बसूअण्णा म्हणाले. “एक पोतं तेवढं ठेवलं बाजूला. पहिला घाणा बहिणीचा, आमच्या आज्यापासून चालत आलंय ते. घरात आम्ही जुन्याच वाणाचं खातो. पण कंपनीचं बियाणं एक नंबरचं म्हणताव, अन् बहिणीला दोन नंबरचं धाडू?”

“अण्णा, करारात होतं, एकही दाणा बाहेर जाता कामा नये.”

“दाणा कुठं दिला? तेल दिलंय.”

मंदार आत आला तेव्हा शिवलीला दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानं तिला शेवाळ, जनुकं, करडई असं सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सुटत होता.

“म्हणजे मी मासा खाल्लेला नाही.”

“नाही.”

“ते झाडच आहे.”

“झाडच. काटे दाखवतो हवं तर.”

“आणि तू काही घातलं नव्हतंस.” ती खाली बसली. “मी तुला काय काय बोलले, मंदार.”

“जाऊ दे,” मंदार उदारपणे म्हणाला. “सभेत तेल ठेवतो आणि सगळं सांगून टाकतो.”

“अण्णाचं नाव घ्यायचं नाही.”

“अगं, मग तेल आलं कुठून म्हणून सांगू?”

“ते काही सांगायचं नाही. कंपनी त्याला कोर्टात खेचेल. तुझी नोकरी जाईल ते वेगळंच. आणि तेल दाखवून काय होणार? तुम्हीच कारखान्यातून आणून मिसळलं म्हणतील. मी सेक्रेटरी असते तर मी तेच म्हटलं असतं.” तिनं डोळे पुसले. “घर गेलं तर गेलं. पण बेंद्रेबाईसमोर मी चोर म्हणून निघून जाणार नाही. मी खाल्लेलं नाही. मशीन चुकतं एवढं सिद्ध कर. कसं ते तुझं शास्त्र.”

मंदार विचार करत बसला. यंत्र चुकतं हे सिद्ध करायला तेल लागत नव्हतं. नियमितपणे मासे खाणारा आणि तरी ज्याच्यावर मांजर ओरडत नाही, असा एक माणूस पुरे होता. तसा माणूस त्याच्या ओळखीचा होता.

*

सर्वसाधारण सभेला कधी नव्हे ती गणसंख्या पहिल्या हाकेला पूर्ण झाली. टेबलावर मधोमध मांजर ठेवलं होतं.

“वहिनींबद्दल आम्हाला आदरच आहे,” डेगवेकर म्हणाले. “पण नियम त्यांचेच आहेत.”

“‘शंकेला जागा ठेवायची नाही,’ हे वाक्यही त्यांचंच,” उत्तराताई म्हणाल्या. “मला पाठ आहे.”

मंदार उभा राहिला. त्यानं शेवाळापासून सुरुवात केली. शेवाळ, तारली, जिताडा. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.

“म्हणजे तुमच्याच कंपनीचं मशीन खोटं, असं म्हणायचंय तुम्हाला?” कुणीतरी विचारलं.

“मशीन खरं आहे. ते सांगतंय एक आणि आपण ऐकतोय दुसरंच. त्याला मासा कळत नाही.”

“पुरावा?”

मंदारनं एकदा शिवलीलाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे विश्वासानं पाहत होती. तिनं आपल्याकडे असं पाहण्याचा हा शेवटचा क्षण, हे त्याला कळत होतं.

“पुरावा मी,” तो म्हणाला. “मी मासे खातो. दर बुधवारी, पेणला. जिताडा. गेल्या बुधवारी दोन तुकड्या तळलेल्या आणि कालवणातलं डोकं.”

मंदार टेबलापाशी गेला आणि त्यानं फटीत बोट घातलं. हिरवा उजेड पडला. मांजर गप्प. त्यानं दुसरं बोट घातलं, मग तिसरं, मग दुसऱ्या हाताचा अंगठा.

“बघा!” तो विजयानं म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं. डेगवेकर खुर्चीतून उठले, त्याच्यापाशी आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, “टिपणीस, तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही हो.”

“खोटं नाही! मी खरंच—”

“असू दे, असू दे. बायकोसाठी माणूस स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतो, हे आजकाल कुठे बघायला मिळतं?”

“माझ्याबरोबर पेणला चला. मथुराताईंना विचारा!”

“डोकं म्हणे!” मागून कुणीतरी कौतुकानं हसलं. “जरा जास्तच झालं ते.”

उत्तराताईंनी चष्मा काढून डोळे टिपले. “आमच्या ह्यांनी माझ्या गोळ्यांच्या वेळी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसलेले ‘हे’ आणखी पलीकडे सरकले.

सभा विरघळली. असल्या नवऱ्याकडे पाहून शिवलीलाला या वेळेपुरती माफी द्यावी, फ्लॅटला हात लावू नये, मात्र तिनं सेक्रेटरीपद सोडावं, असं ठरलं. रिकाम्या जागी मंदार टिपणीस यांची निवड झाली. मांजर यापुढे त्यांच्या ताब्यात राहील हेही सर्वानुमते मंजूर झालं. टाळ्या वाजल्या.

शिवलीलानं टाळ्या वाजवल्या नाहीत. साऱ्या सभेत मंदारच्या शब्दावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.

*

घरात आल्यावर तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“दर बुधवारी?”

मंदारनं मांजर टेबलावर ठेवलं. “दर बुधवारी.”

“डोकंसुद्धा?”

“डोकंसुद्धा.”

“आणि माझ्या पर्सचा वास घेत होतास. मला दिसलं होतं, बाथरूममधून बाहेर येताना, आरशात.” तिनं पाण्याचा पेला विसळून पालथा घातला. “बुधवारी तू पेणहून दमून येतोस म्हणून मी रात्री मऊ भात करते. लग्न झाल्यापासून.”

“मऊ भात आवडतो मला.”

“गप्प बस.”

तिनं परात ओढली, पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. भाकरी रोजच्यापेक्षा जोरात थापली जात होती. खालच्या मजल्यावर नक्की ऐकू गेलं असेल. मग तिनं एकच ताट घेतलं, त्यात चटणी वाढली, बोटानं खळगं केलं, बुधली कलती केली आणि ताट मंदारसमोर सरकवलं.

“खा.”

“मी कच्चं तेल खात नाही, तुला माहितेय.”

“माहितेय. तू मासेही खात नव्हतास.”

मंदारनं भाकरीचा तुकडा मोडला.

“रोज खायचं,” शिवलीला म्हणाली. “रक्तात उतरायला तीन-चार महिने लागतात म्हणालास ना? उतरू दे. मग मासिक तपासणीला पहिलं बोट सेक्रेटरीचं. ते ओरडेल. सगळ्यांसमोर. तेव्हा तू खरं तेच सांगायचंस: मी मासा खाल्लेला नाही, हे झाडाचं तेल आहे. बघू कोण ऐकतं.”

“आणि बुधवारी?”

“बुधवारी डबा. मी देईन.”

“म्हणजे तेव्हा ‘मासा खाल्लेला नाही’ हे खरं असेल.”

“असायलाच पाहिजे. माझ्याकडचा या महिन्याचा विश्वास वापरून झालाय.”

मंदारनं तुकडा खळग्यात बुडवला. तेल सोनेरी होतं, टेबलावरच्या मांजराच्या काचेत त्याचा रंग पडला होता. त्यानं डोळे मिटून घास तोंडात घातला.

“कसं आहे?” शिवलीलानं विचारलं.

“चवदार आहे,” तो म्हणाला.

हे अगदी खरं होतं. त्या तेलाला पेणच्या जिताड्याहून कितीतरी जास्त माशाची चव होती. तेवढं मात्र त्यानं तिला सांगितलं नाही.